मेहुण्याने राखलेले दगड

दरीकाठच्या गुमेराची गावचा कातारिनो बातिस्ता धावायला अगदी बेताचा होता. हे तो स्वतः कबूल करायचा, पण दुसऱ्या कोणी म्हटलेलं त्याला खपत नसे. तरुणपणी एका शर्यतीत त्याने पायाने उडवलेला लाकडी चेंडू ओढ्याकाठच्या झुडपात गेला आणि तो शोधताना त्याला कपडे धूत असलेली पेत्रोनिला भेटली. "चेंडू हरवला, पण बायको सापडली," असं तो लोकांना सांगे. पेत्रोनिला सांगे ते वेगळंच होतं. चेंडू तिच्या घागऱ्याखाली होता आणि तिने तो मुद्दाम दिला नव्हता, कारण ती दरीतल्या खालच्या सोकावाची गावची आणि तिचं गाव तेव्हा जिंकत होतं.

पण चोकेआमे म्हणून, म्हणजे शर्यत ठरवणारा आणि पैजा जुळवणारा म्हणून, दरीच्या या काठावर त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. घोंगडीला घोंगडी, घागऱ्याला घागरा, बकरीला बकरी अशी बरोबरीची पैज लावायची, दोन्ही वस्तू एकमेकींना गाठ मारून ढिगात ठेवायच्या आणि शर्यत संपेपर्यंत कोणाची गाठ कोणाशी हे डोक्यात ठेवायचं. कातारिनो घोंगडी बोटांत चोळून सांगायचा, "ही म्हाताऱ्या मेंढीची आहे. मेंढी मेली तेव्हा काय वाईट वाटलं होतं तुझ्या आजोबांना." घोंगडीचा मालक लाजून आणखी एक विणलेला कमरपट्टा वर ठेवायचा.

सोकावाचीचा चोकेआमे निकांद्रो, पेत्रोनिलाचा थोरला भाऊ. म्हणजे मेहुणा. आमच्यात दोघे मेहुणे एकमेकांशी धड बोलताना दिसले तर लोक समजतात की भांडण झालं. निकांद्रो कुंपणापाशी आला की पहिली हाक ठरलेली असायची. "काय रे दाजी, अजून जिवंत?"

"तुझी बहीण मरू देत नाही. म्हणते, आधी जळण फोडून दे."

"पोट बघ तुझं. कुठल्या महिन्यात आहेस?"

"तुझ्या बायकोला विचार."

मग दोघं एकमेकांना ढकलत, टोप्या उडवत, मक्याची आंबवलेली दारू भोपळ्यातून पीत बसायचे आणि पाहणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. तीस वर्षं हेच. आणि तीस वर्षं त्यांचा आपसात एक नेम होता. शर्यतीच्या फेऱ्या मोजायला प्रत्येक गाव एका रांगेत दगड मांडतं आणि आपले धावणारे एक फेरी मारून आले की एक दगड उचलला जातो. इतर गावांत ज्याने त्याने आपापले दगड राखायचे. या दोघांचं उलटं. कातारिनोच्या गावाचे दगड निकांद्रो राखायचा आणि निकांद्रोच्या गावाचे कातारिनो. "माझे दगड मी राखले तर मला लबाडीचा मोह होईल," निकांद्रो म्हणायचा, "तुझे राखताना फक्त झोप येते."

आठ वर्षांपूर्वी कातारिनोच्या हातून एक मोठा गाढवपणा झाला. पैज चढत गेली, लावायला घरात काही उरलं नाही, तेव्हा त्याने पेत्रोनिलाचा पाटा लावला. न विचारता. तो पाटा तिला आईकडून आला होता, आईला तिच्या आईकडून, मध्ये दळून दळून खोलगट झालेला आणि वरवंटा त्यात असा बसायचा की जणू तिथेच उगवला. गुमेराची हरलं. पाटा निकांद्रोच्या घरी गेला आणि त्यावर त्याची बायको रोमुआल्दा मका दळू लागली. पेत्रोनिला आठ वर्षं शेजारणीच्या पाट्यावर दळत होती आणि कातारिनोच्या ताटात पडणाऱ्या प्रत्येक भाकरीबरोबर ती हे त्याला सांगत होती. "कच आली का दाताखाली? परक्याचा दगड आहे."

तर कातारिनोला मरण्यापूर्वी एकच गोष्ट करायची होती. पाटा जिंकून आणायचा.

यंदाच्या मार्चमध्ये संधी आली ती परदेशी धावणाऱ्यांच्या पायांनी. लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड असलेली ही मंडळी सहा वर्षांपासून येत होती. त्यांचा पुढारी योहान, उंच, पातळ, एका पायावर उभा राहून दुसरा ताणायचा, म्हणून गावाने त्याला बगळा नाव ठेवलं होतं. माणसं मनाने चांगली. दुष्काळाच्या दोन वर्षांत त्यांनी खेचरांवर लादून मका आणला, बियाणं आणलं, हे कोणी विसरणार नाही. दरीतून ऐंशी किलोमीटर धावायचे, तोंडात पाण्याची नळी धरून, हातात दोन काठ्या घेऊन, आणि शेवटी पोचले की रडायचे. आमच्याकडे धावून आलेला माणूस पाणी पितो.

त्यांचं आम्हा रारामुरींवर प्रेम होतं. रारामुरी लोक आनंदासाठी धावतात, त्यांना हारजीत ठाऊक नाही, असं योहान प्रत्येक भाषणात सांगायचा. हे त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. बहुतेक त्याने कोणाला तरी विचारलं असेल आणि त्या माणसाने मान हलवली असेल. रारामुरी माणूस पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाही. ते भाषण चालू असताना मागच्या बाजूला पैजांचा ढीग कमरेएवढा झालेला असायचा.

यंदा योहान म्हणाला, तुमच्या संस्कृतीच्या सन्मानासाठी शेवटच्या दिवशी तुमची चेंडूची शर्यत व्हावी, आम्ही बघू, मका दोन्ही गावांना सारखाच देऊ. कातारिनोचे टायरच्या वहाणांतले पाय आनंदाने जमिनीवरून उचललेच गेले. गुमेराचीकडे त्या वर्षी एवारिस्तो होता, हरणाच्या तंगड्यांचा आणि बोलण्यात कंजूष. कातारिनो घरी येऊन म्हणाला, "पेत्रा, या वेळी पाटा आणतो."

पेत्रोनिला उठली. आढ्याला बांधलेली घोंगडी तिने खाली काढली. स्वतःच्या मेंढ्यांची लोकर, वर्षभर मागावर बसून विणलेली, काठाला काळे दात काढलेली. "ही लाव. हरलास तर तूही तिकडेच राहा. वहिनीला दळायला एक माणूस लागतोच."

सगळ्या गावासमोर कातारिनोने ती घोंगडी निकांद्रोपुढे पसरली. "बोल मेहुण्या. हिच्या बरोबरीचं तुझ्या घरात एकच आहे."

निकांद्रोने घोंगडी चोळून पाहिली, आणखी एकदा चोळली. खोट काढायला जागा नव्हती. नाही म्हणावं तर सोकावाची घाबरली असं झालं असतं. मागे रोमुआल्दा हाताची घडी घालून उभी होती आणि तिच्या नजरेने निकांद्रोची मान पाठीमागून भाजत असणार. "आणा पाटा," तो म्हणाला. दोन जणांनी पाटा आणला, कातारिनोने घोंगडीचं टोक त्याच्या पायाला बांधलं आणि बांधताना गाठ दोनदा निसटली हे निकांद्रोने पाहिलं.

"काय दाजी, थंडी वाजते?"

"तुझ्या घरात आजपासून उपास आहे म्हणून रडू येतंय."

बारा बारा दगड मांडले. सकाळी चेंडू उडाले. पाईनच्या रानातून वर, खिंडीतल्या मोठ्या खडकाला वळसा, ओढ्यावरून खाली, अशी फेरी. परदेशी मंडळी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्यातली काही थोडं अंतर बरोबर धावून जात होती आणि धापा टाकत परतत होती. दुपार कलली तेव्हा गुमेराचीचे दोन दगड उरले होते आणि सोकावाचीचे चार. सोकावाचीच्या दोघांचे पाय सुजले होते.

कातारिनोला राहवेना. पाण्यात कालवलेलं भाजक्या मक्याचं पीठ भोपळ्यात घेऊन तो एवारिस्तोला पाजायला खिंडीकडे निघाला. निघताना निकांद्रोला म्हणाला, "दगडांकडे लक्ष ठेव."

"जा, जा. गुडघे सांभाळ, वाटेत पडले तर उचलून आणायला मी येणार नाही."

मागे वळून बघायचं कारण नव्हतं. तीस वर्षांत त्याने कधी बघितलं नव्हतं.

खिंडीत एवारिस्तो आला, शेवटच्या आधीची फेरी अर्धी संपवून. दोन घोट प्याला, तोंड पुसलं, गेला. कातारिनो त्याच्यामागे आपल्या गतीने उतरू लागला आणि उतरताना मनातल्या मनात पाटा कुठे ठेवायचा ते ठरवत होता. चुलीच्या डावीकडे, दारातला उजेड येतो तिथे. खालून मोठ्या टाळ्या ऐकू आल्या. त्याला वाटलं, दगड उचलला. आता एकच.

तो मैदानात पोचला तेव्हा वाटेवर आडवी रंगीत फीत बांधलेली होती. पाहुण्यांनी थांबवलेले दोन्ही गावांचे धावणारे ओळीत उभे, हातात हात, गळ्यात पदकं. परदेशी मंडळी रडत होती. योहानने कातारिनोला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली.

"किती सुंदर," तो आपल्या मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "निकांद्रोने आत्ता सांगितलं. तुमची खरी जुनी रीत. शेवटची फेरी धावायचीच नाही. सगळे एकत्र थांबतात, कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आम्हाला हे माहीतच नव्हतं."

आम्हालाही माहीत नव्हतं.

एवारिस्तो पदकाकडे बघत होता. "संपलं?" त्याने कातारिनोला विचारलं. "एक दगड आहे ना अजून?"

"एक दगड आहे," कातारिनो मोठ्याने योहानला म्हणाला. "एक फेरी राहिली आहे. अशी काही रीत नाही."

योहान गोंधळला. त्याने निकांद्रोकडे पाहिलं. निकांद्रोने कातारिनोच्या खांद्यावर हात टाकला आणि हसला, नेहमीचं, मोठ्ठं. "दाजी चेष्टा करतोय. आम्ही दोघं असेच. तुम्ही पाहिलंय ना?"

पाहिलं होतं. सहा वर्षं पाहिलं होतं. सगळे परदेशी हसले, योहान डोळे पुसत हसला आणि कोणीतरी कातारिनोच्याही गळ्यात पदक घातलं. थांबलेल्या शर्यतीला विजेता नसतो. बायकांनी ढिगाकडे जाऊन गाठी सोडायला सुरुवात केली होती, ज्याचं त्याला. रोमुआल्दाने पाटा पाठीवर बांधला आणि कोणाकडे न बघता उतारावर चालू पडली.

कातारिनोने निकांद्रोला ओढ्यापाशी गाठलं. "का केलंस?"

"अरे, एका दगडासाठी काय तोंड पाडतोस. पाटा गेला असता तर रोमुआल्दाने मला घरात घेतलं नसतं. तुला माहीत आहे ती कशी आहे. आणि कोणाचं काय गेलं? सगळ्यांना मका मिळाला."

"तीस वर्षं तुझे दगड मी राखले."

"मीही राखले," निकांद्रो म्हणाला आणि त्याचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "तुझ्या दगडाला मी हात लावलेला नाही. जा, बघून ये. एक उरलाय, एकच आहे."

ते खरं होतं. कातारिनो बघून आला. दगड रांगेच्या जागी होता, एकटा, आणि त्याच्याशेजारी कोणीतरी पाण्याची प्लास्टिकची बाटली ठेवली होती.

घरी पेत्रोनिलाने घोंगडी परत आढ्याला बांधली आणि भाकरी वाढली. आठ वर्षांत पहिल्यांदाच ती त्याला काही बोलली नाही. पुढे योहानने एक मोठा फोटो पाठवला, धावणाऱ्यांचे हात वर केलेला. एवारिस्तोने तो बकऱ्यांच्या गोठ्यातलं भोक बुजवायला लावला. बकऱ्यांनी आधी फोटोतले हात खाल्ले.

पेरणीच्या सुमाराला एका सकाळी निकांद्रो आला. पाठीवर पाटा. सोकावाचीहून गुमेराचीपर्यंत चढ उभा आहे आणि निकांद्रो काही एवारिस्तो नव्हे. रिवाजाप्रमाणे तो घरापासून लांब, कुंपणाबाहेरच्या खडकावर पाठ करून बसला आणि कोणी हाक मारेल याची वाट पाहू लागला. मग न राहवून स्वतःच ओरडला, "काय रे दाजी, अजून जिवंत?"

कातारिनो बाहेर आला. "या," तो म्हणाला. "बसा. पाणी घेता?"

निकांद्रो त्याच्याकडे बघतच राहिला. कोणी थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "अरे, बसा काय? मी आहे, निकांद्रो. पोट कुठल्या महिन्यात आहे तुझं?"

"बरं आहे सगळं. आपल्याकडे बरं आहे ना?"

निकांद्रोने पाटा अंगणात उतरवला, घाम पुसला आणि बहिणीकडे वळला. "पेत्रा, हा घे. रोमुआल्दाशी भांडून आणलाय. कोरिमा म्हणून घे."

कोरिमा म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याने नसलेल्याला द्यायचं, उपकार न मानता घ्यायचं. त्याला कोणी नाही म्हणत नाही. पेत्रोनिला वाकली, पाट्याच्या खोलगट भागावरून तिने तळवा फिरवला, दोनदा. मग उठली.

"कोरिमा उपाशी माणसाला देतात, दादा. आम्ही उपाशी नाही. हा आम्ही जिंकतच आलो होतो."

"मग परत शर्यत लावू," निकांद्रो घाईने म्हणाला. "पुढच्याच महिन्यात. तू घोंगडी लाव, मी हा लावतो. बगळे नकोत, कोणी नको. आपण दोघं, दाजी. पहिल्यासारखं."

"लावू या की," कातारिनो म्हणाला. "फक्त आमचे दगड कोण राखणार, तेवढं आपण सांगा."

निकांद्रोने वाकून पाटा पुन्हा पाठीवर घेतला. दोर बांधायला त्याला जमेना. कातारिनोने पुढे होऊन गाठ मारून दिली, पाहुण्याला मारून देतात तशी, घट्ट आणि नीट.

उतारावर निकांद्रो दोनदा घसरला. दुसऱ्यांदा तर सपशेल बसलाच, पाट्यासकट, आणि त्या बसण्यावर बोलण्यासारखं इतकं होतं की कातारिनोच्या जिभेवर वाक्य तयार होऊन आलं. खाली निकांद्रो बसल्या जागी मान वळवून वाट बघत होता.

कातारिनोने ते वाक्य गिळलं आणि आत जाऊन पेत्रोनिलाला म्हणाला, "पाहुणे गेले."