मुळीवरून ओळखलेलं गवत

कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचं कपाट उघडलं, की त्या वासासरशी मला देऊळघाटजवळचा खडकाळ माळ आठवतो. परीक्षेसाठी मला बोटभर उंचीचं एक गवत ओळखायचं होतं. ते एकाच वर्षाचं की अनेक वर्षं जगणारं, इथेच मी तासभर अडले होते. तिथे बकऱ्या चारणाऱ्या सकीनाचाचींनी ते अलगद उपटलं.

“मुळी पाह्य, बाई. जुना बुडखा नाही. हे दरसाल बियापासून नवं उगते.”

“तुम्हाले कोणी शिकवलं?”

“शिकवते कोन? हे दिवाळीनंतर वाळून उडून जाते. मंग उन्हाळ्यात बकऱ्या कुठं न्यायच्या, ते आधीच पाहा लागते.”

तेव्हा मला फक्त उत्तर मिळाल्याचा आनंद झाला. आज कळतं, मी चुकले असते तर दोन गुण गेले असते. सकीनाचाची चुकल्या असत्या तर त्यांच्या बकऱ्या उपाशी राहिल्या असत्या.