माळकरणीनं फेटलेली अंडी

काल सुनेच्या ओव्हनातनं अंड्या-साखरेचा वास आला आन् माझी वारलेली म्हातारी आठवली. ती माळकरी, घरात अंडं येऊ द्यायची न्हाई. पण सून पोटुशी असताना तिला अंड्याच्या फेसाच्या केकचे डोहाळे लागले, वर द्राक्षं-डाळिंब घातलेला. सून अंगणात बसून अंड्याचं पांढरं फेटत होती. हात भरून आला तरी फेस उभा राहीना. तवा म्हातारीनंच भांडं ओढून घेतलं. मी वरडलो, "अगं, गळ्यात माळ हाय!" "असू द्या. पोटुशीचा डोहाळा मोडला तर इठ्ठल तरी मला दारात उभं करंल का?" फेटून झाल्यावर ती डोक्यावरनं न्हाली आन् केक झाल्यावर सुनेसमोर बसून तिला खाताना बघत राहिली. आता सुनेकडं मशीन हाय, फेस झटक्यात येतो, मलाबी ताटली भरून मिळती. खाताना समोर बसून बघणारं मातुर कुणी न्हाई, घास तोंडात नुसता फिरतो.