भिंतीवरचं विमान

“बसा काका, खाली उतरायचंय,” म्हणत तो प्लास्टिकची दुसरी खुर्ची भिंतीसमोर सरकवायचा. मी वाळूजला दिवसभर लेथवर उभा राहून आलेला माणूस. खुर्ची दिसली की बसायचो.

बजाजनगरात आमच्या वरच्या खोलीत तो चार वर्षं भाड्यानं राहिला. मूळचा कन्नडकडचा. घरात मेंढ्यांशिवाय कुणी काही हाकलं नव्हतं, आणि ह्या पठ्ठ्याकडं विमानाचं लायसन्स! नोकरी तेवढी नव्हती. शिकवण्या घ्यायचा आणि उरलेला वेळ भिंतीपुढं. तिथं त्यानं मोठ्या विमानाच्या कॉकपिटचे छापील कागद चिकटवले होते. उंचीच्या बटणाच्या जागी पाण्याच्या बाटलीचं झाकण.

“हे फिरवून उंची लावायची. तेवढ्यानं विमान उतरत नाय. बटण आत दाबलं तर कॉम्प्युटर आधी भरलेल्या मार्गानं, त्याच्या हिशेबानं उतरवतो. बाहेर ओढलं तर आपल्या हुकमानं, थेट; त्याला म्हणायचं ‘ओपन डिसेंट’. आणि त्यानं आपलं ऐकलं का, ते वरच्या पट्टीत वाचायचं. वाचल्याबिगर बोलायचं नाय.”

“आणि मी काय करू?”

“तुम्ही को-पायलट. मी वाचलं की तुम्हीबी पट्टी बघून ‘चेक्ड’ म्हणायचं.”

तुम्ही हसाल. मीही हसायचो. बायको खालून ओरडायची, “उतरलं का विमान? चहा गार झाला!” पण झाकण फिरवताना त्याचा चेहरा असा व्हायचा की पुढं थट्टा करवत नसे. झाकण ओढलं की निघून हातात यायचं, म्हणून तो नुसती बोटं मागं घ्यायचा. कागदावरची पट्टी तर कोरीच. तिच्याकडं बघून तो पाठ झालेलं बोलायचा, “ओपन डिसेंट.” मी बशीत चहा ओतता ओतता म्हणायचो, “चेक्ड.” रोज संध्याकाळी हेच.

चार वर्षांत एकाच कंपनीनं बोलावलं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, या परीक्षेत नापास झाल्यास पुन्हा अर्ज करू नये. जाताना तो माझ्या पाया पडला. मला उगीचच भरून आलं.

तिसऱ्या दिवशी परतला आणि जिन्यातच बसला. परीक्षेच्या नकली कॉकपिटमध्ये त्याला विमान खाली आणायला सांगितलं होतं. ह्यानं उंची लावली आणि सवयीनं नुसती बोटं मागं घेतली. बटण जागचं हललंच नाही. पट्टीत अजून आहे ती उंची धरून ठेवल्याचंच लिहिलेलं होतं. तिकडं बघून हा खणखणीत आवाजात म्हणाला, “ओपन डिसेंट.”

परीक्षक म्हणाला, “कुठं दिसतंय तुम्हाला?”

“मला दिसलं होतं हो काका,” तो जिन्यात मला सांगत होता. “आईशप्पथ. लई स्वच्छ दिसलं.”

लेथवर केसभर माप चुकलं तर मी पोरांची सालटी काढतो. आणि इथं चार वर्षं कोऱ्या कागदाकडं न बघता होकार देत आलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आठवड्यात त्यानं खोली सोडली. त्यानंतर माझा फोनही उचलला नाही. शेवटचा दिसला तो खोली सोडली त्याच दिवशी, कन्नडच्या एसटीत, खिडकीशी. मी म्हणालो, “दुसरी कंपनी बोलवील. अभ्यास सोडू नको.”

“कशाचा अभ्यास, काका? आता कायबी वाचलं तरी वाटतं, हे खरंच लिहिलंय का मलाच पाठ हाय?”

गाडी हलली. मी हात वर केला. त्यानं केला नाही. मी खरंच तिथं उभा आहे का, याची खात्री करत असल्यासारखा तो माझ्याकडं बघत राहिला.