झाकणमावशींचे शनिवार

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं घालवलेल्या बाईला लोक काय म्हणतील? तोंडावर मावशी, आणि पाठ वळली की झाकणमावशी. उघडी बाटली दिसली की मावशींचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत जायचा. "झाकण कोण लावणार? तुमची आई येणार का?" एकदा खुद्द कुलगुरू हातात बाटली धरून फोटो काढून घेत होते, तर मावशींनी त्यांनाही सुनावलं. कुलगुरूंनी निमूटपणे झाकण लावलं. तो फोटो अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे, झाकणासकट.

मावशी दहावी नापास. पण गणितात नव्हे, भूगोलात. हुद्दा प्रयोगशाळा मदतनीस, नेमणूक एकेका वर्षाची. दर वर्षी विभागप्रमुख कागदावर सही करायचे आणि मावशी पुढच्या वर्षाला लागायच्या. या विभागप्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस मनाने चांगला, फक्त भित्रा. नव्या वस्तूची तर त्यांना अशी धास्ती, की नवीन पेनसुद्धा ते चार दिवस खिशाला लावून फिरवायचे आणि मगच त्याने लिहायचे.

पाच वर्षांपूर्वी विद्यापीठाने समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाशी सोयरीक जुळवली. सोयरीकच म्हणायची, कारण दोन्हीकडची मंडळी नटूनथटून आली, फोटो झाले, याद्या झाल्या आणि एकमेकांचं बोलणं कुणालाच धड कळलं नाही. मागच्या फलकावर 'विकासासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य व संस्थात्मक क्षमताबांधणी' असं लिहिलं होतं. ते एका ओळीत मावेना, म्हणून रंगाऱ्याने अर्धं खाली घेतलं. या सोयरिकीत इकडच्या आठ जणांनी तिकडे जाऊन तीन-तीन आठवडे शिकून यायचं आणि तिकडून एक यंत्र इकडे यायचं, असं ठरलं.

यंत्र मोठं गुणाचं होतं. थेंबभर पाणी दिलं की त्यात काय काय विरघळलंय आणि किती, ते पडद्यावर दाखवायचं. ते बसवायला तिकडून एक म्हातारा तंत्रज्ञ आला. निवडलेली आठ माणसं पहिल्या दिवशी तासभर त्याच्यापाशी उभी राहिली आणि मग उद्घाटनाच्या तयारीला लागली. पुढचे सात दिवस त्या खोलीत दोघंच: म्हातारा आणि फडकं घेतलेल्या मावशी. त्याला नळी धरायला कुणीतरी हवं होतं. मावशींनी धरली. मग पाना दिला. मग काय, म्हाताऱ्याने त्यांना सगळं यंत्र उलगडून दाखवलं. भाषा एकाची दुसऱ्याला कळत नव्हती, पण जिथे दोघांचे हात कामाला लागलेले असतात तिथे भाषेवाचून फारसं अडत नाही.

शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याने यंत्राच्या पंपातली रबरी चकती काढून मावशींच्या तळहातावर ठेवली. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याने एकाखाली एक असे सगळे शनिवार बोटाने दाखवले आणि पंप चालल्याचा आवाज तोंडाने काढला. मग हाताची घडी घालून डोळे मिटले, मान टाकली आणि चकती चुरगळल्याचा अभिनय केला. मावशींना लख्ख कळलं. दर शनिवारी चालवा. बसून राहिलं तर रबरं वाळतील आणि हे मरेल. संगणक उघडायचा शब्द त्याने चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली चिकटवला, मावशींना वाकून नमस्कार केला आणि तो गेला.

उद्घाटन थाटात झालं आणि दुसऱ्या दिवसापासून यंत्र झाकलं गेलं. मोठ्या सरांनी मखमलीचं आवरण शिवून घेतलं. शिवलं मावशींच्याच नवऱ्याने, तो शिंपी होता. खोलीला कुलूप लागलं आणि दारावर नोटीस आली: 'प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीने यंत्रास हात लावल्यास तिला तात्काळ कामावरून कमी करण्यात येईल.' ती नोटीस चिकटवली मावशींनीच, चारी कोपऱ्यांना नीट खळ लावून.

प्रशिक्षण घेतलेल्यांचं म्हणाल, तर आठांपैकी तिघं तिकडेच नोकरीला लागले, दोघं बढती मिळून कार्यालयात गेले, दोघं निवृत्त झाले. उरले मोठे सर. त्यांचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत होतं आणि यंत्र मखमलीत. वर्षातून एकदा पाहुणे आले की आवरण काढायचं, पडद्यावरचं मूळचं प्लास्टिक दाखवून "बघा, अजून जस्संच्या तस्सं" म्हणायचं आणि पुन्हा झाकायचं. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. चांगली वस्तू वापरून खराब कशाला करायची?

खोलीची किल्ली मात्र शनिवारी मावशींकडे यायची, धूळ पुसायला. अर्धा दिवस, बाकी कुणी नाही. पहिल्या शनिवारी मावशी नुसती धूळ पुसून बाहेर आल्या. जिन्यापर्यंत गेल्या आणि त्यांना म्हाताऱ्याने टाकलेली मान आठवली. परत आल्या, दार आतून लावलं आणि यंत्र चालू केलं.

ते मग सुटलंच नाही. घरच्या नळाचं पाणी, शाळेच्या टाकीचं, बसथांब्यावरच्या नळाचं, वसतिगृहाचं, जे मिळेल ते. तारीख, पाणी कुठलं, आकडे किती, हे सगळं शाळकरी वहीत लिहायचं, कारण म्हातारा तसं लिहायचा. सासूबाई विचारायच्या, "शनिवारी दोन वाजतात तुला. एका खोलीची एवढी कसली गं झाडलोट?" मावशी म्हणायच्या, "धूळ फार असते." नवऱ्याला तेवढं ठाऊक होतं. त्याने आवरणाच्या मागच्या बाजूला गुपचूप चेन बसवून दिली होती, रोज काढा-घाला करायला सोपी पडावी म्हणून. रोज नाही, दर शनिवारी, असं मावशींनी बजावल्यावरही तो हसत म्हणाला होता, "असू दे, चेन मजबूत आहे."

पाच वर्षं संपत आली आणि तिकडून पत्र आलं. सोयरिकीचा हिशेब बघायला एक बाई येणार होत्या. जे यंत्र वापरात नसेल ते काढून दुसऱ्या गरजू कॉलेजला देणार, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मोठ्या सरांचं धाबं दणाणलं. वापराची नोंदवही तर कोरी. मग भित्र्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. त्यांनी विभागातल्या सगळ्यात नव्या प्राध्यापकाला, म्हणजे धाकट्या सरांना, बोलावलं आणि पाच वर्षांची नोंदवही एका दुपारी भरून घेतली. दर सोमवारी आणि बुधवारी वापर, एकच पेन, एकच अक्षर. मधल्या चहाचा डाग दुसऱ्या वर्षावर पडला, तेवढीच ती जुनी दिसली.

मावशी कोपऱ्यात बाटल्या धूत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. संगणकात प्रत्येक वापराची तारीख आपोआप बसते, हे त्यांना माहीत होतं. सरांना नव्हतं, कारण सरांनी तो कधी उघडलाच नव्हता. बोलावं तर शनिवारचं बिंग फुटणार, आणि नोटीस दारावरच होती, स्वतःच्या हाताने लावलेली. गप्प बसावं तर यंत्र जाणार. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. यंत्रासाठी नोकरी घालवशील?"

मावशी म्हणाल्या, "मी गेल्यावर ते कोण चालवणार, याचाच मला घोर आहे. आता तर ते माझ्या आधीच निघालंय." आणि त्यांना रडू आलं. एका लोखंडाच्या खोक्यासाठी रडतोय याची लाज वाटली, म्हणून आणखी रडू आलं.

पाहुण्या बाई आल्या त्या अगदी साध्या, पायात कापडी बूट. फुलं घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, यंत्र दाखवा. धाकटे सर दुभाषे होते. मोठ्या सरांनी आवरण काढलं, प्लास्टिक दाखवलं आणि नोंदवही पुढे केली. बाईंनी चार पानं चाळली, खुर्ची ओढली, कीबोर्ड उलटा केला, चिठ्ठी वाचली आणि संगणक उघडला. पडद्यावर तारखांची रांग लागली. बाईंनी धाकट्या सरांना काहीतरी विचारलं.

धाकटे सर म्हणाले, "मॅडम विचारतायत, वहीत सोमवार-बुधवार आहे. पण यंत्र म्हणतंय, फक्त शनिवार. दोनशे एकतीस शनिवार. शनिवारी कोण येतं?"

मोठे सर पडद्यावर वाकले. "शनिवारी? शनिवारी तर विभाग... यंत्रात बिघाड असेल."

धाकट्या सरांनी ते सांगितलं. बाईंनी मान हलवून आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. बिघाड, म्हणजे यंत्र परत जाणार, एवढं कळायला मावशींना दुभाषा लागला नाही. हातातला चहाचा ट्रे त्यांनी टेबलावर ठेवला, कपाटातल्या जुन्या ॲप्रनखालून पाच शाळकरी वह्या काढल्या आणि बाईंपुढे ठेवल्या.

"बिघाड-बिघाड काही नाही त्याला," त्या म्हणाल्या. "शनिवारी मी येते. मला काढायचं तर काढा, पण त्याला नावं ठेवू नका."

बाईंना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी खूण केली आणि धाकटे सर वहीतले आकडे मोठ्याने वाचू लागले. बाई पडद्यावर बोट फिरवत पडताळू लागल्या. आकडा, मान हलवली. आकडा, मान हलवली. बारा शनिवार झाले, वीस झाले. एका ओळीभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता, तिथे बाई थांबल्या.

"ती वसतिगृहाची टाकी," मावशी म्हणाल्या. "आकडा भलताच चढला होता. मी तिथल्या स्वयंपाकिणीला म्हटलं, टाकीच्या बुडाशी बघून घे गं कुणाला तरी लावून. तर गटाराची नळी फुटलेली निघाली."

मोठे सर एकदम पुढे झाले. "म्हणजे पोरांची पोटं बिघडायची ती थांबली, ती तुमच्यामुळे? माझा मुलगा होता तेव्हा तिथे." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "आठ माणसं समुद्रापलीकडे पाठवली शिकायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

बाईंनी दोन्ही प्रकारच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक प्रश्न विचारला. धाकटे सर तो सांगेनात. लाल झालेल्या कानांनी खाली बघत राहिले, कारण एका वहीतलं अक्षर त्यांचंच होतं.

"दोन्हींतली खरी कुठली, हेच ना?" मोठे सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला नाही. "सांगा त्यांना, मावशींची खरी. ही मी खोटी लिहवून घेतली. यांचा दोष नाही, माझा आहे."

बाईंनी खोटी वही मिटली आणि बाजूच्या फुलांवर ठेवली. मग त्यांनी मावशींना विचारलं, पुढच्या खेपेला तीन आठवडे तिकडे शिकायला याल का?

मावशी घाबरल्याच. "नको हो! तिकडे जातो तो परत इथे बसत नाही. आणि तीन आठवडे म्हणजे तीन शनिवार. इथे कोण बघणार?" मग त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा इथलीच चार माणसं मला द्या. दोन वर्षांत तयार करते."

हे धाकट्या सरांनी सांगितलं तेव्हा बाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या. अहवालात त्यांनी खोट्या वहीबद्दल लिहायचं ते लिहिलंच, मोठ्या सरांना वरून खरमरीत पत्रही आलं. पण यंत्र राहिलं. प्लास्टिक निघालं, नोटीस निघाली, आणि मखमलीच्या आवरणाची मावशींच्या नवऱ्याने उशी शिवली. सोयरिकीच्या दुसऱ्या भागात एक नवी अट आली: ज्याने चार शनिवार यंत्र चालवलं आणि ज्याच्या कागदावर शिकवणाऱ्याची सही आहे, तोच प्रशिक्षित. शिकवणाऱ्या म्हणून नाव मावशींचं होतं.

पहिला विद्यार्थी म्हणून मोठे सर स्वतः आले, नवी वही घेऊन. पहिल्या शनिवारी त्यांनी पाण्याचा थेंब यंत्राबाहेरच सांडला, दुसऱ्या शनिवारी नळी उलटी लागली, तिसऱ्या शनिवारी त्यांनी पंप उघडून रबरी चकती स्वतः बदलली आणि लहान मुलासारखे ते ती सगळ्यांना दाखवत फिरले. चौथ्या शनिवारी सगळे आकडे बिनचूक आले. सरांनी समाधानाने कागद पुढे केला आणि तेच खिशाला लावलेलं पेन मावशींच्या हातात दिलं.

मावशींनी कागद हातात घेतला. वीस वर्षं कुणी ना कुणी त्यांच्यासाठी सही करत आलं होतं. सही करायची वेळ त्यांच्यावर आज पहिल्यांदा आली होती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पेनचं टोपण काढलं, सरांकडे पाहिलं, मग सरांच्या मागच्या टेबलाकडे पाहिलं, टोपण परत लावलं आणि पेन सरांच्या खिशाला अडकवून टाकलं.

"पुढच्या शनिवारी या सर," त्या म्हणाल्या. "तीन बाटल्या उघड्याच आहेत."