बासुंदीची बाटली

वाशीमच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो तेव्हाची गोष्ट. केनवडच्या पलीकडच्या एका खेड्यात लग्नाचं जेवण बाधलं. घरोघर उलट्या-जुलाब सुरू झाले, नवरीचा आजोबा गेला. स्वयंपाकाला एक विधवा बाई होती, लोकांच्या कार्यात रांधून पोट भरायची. तिनेच विष कालवलं, असं गावाने ठरवूनही टाकलं.

डॉक्टरांना वेगळाच संशय होता. बासुंदी आदल्या दिवशीची, वैशाखाच्या उकाड्यात तशीच ठेवलेली. त्यात जंतू वाढले असणार. नागपूरच्या प्रयोगशाळेने तसं लिहून दिलं की बाईवरचा आळ जाईल. त्यांनी मला उकळून घेतलेली बाटली देऊन पाठवलं. बाईलाही मी हे समजावलं. "कागद येऊ द्या मंग," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत आशा दिसली, आणि ती मीच लावली होती.

लग्नघरी पातेल्याच्या तळाशी थोडी बासुंदी उरली होती. पण परक्या माणसाने चुलीपाशी जायचं नाही, म्हणून मी बाटली उंबऱ्यावरूनच नवरीच्या आईच्या हाती दिली. तिला आत बराच वेळ लागला. मी ओसरीवर पान चघळत बसलो. मग बाटली घेतली, बूच लाखेने बंद केलं आणि मोठ्या तोऱ्यात बैलगाडीत चढलो. गाढव होतो.

कागद आला. विष नाही, जंतूही नाहीत. पाटलाने तो चावडीवर वाचून दाखवला. अन्नात काही नाही म्हणजे बाईने करणीच केली, असं लोक बोलू लागले. मला काही ते पटेना. मी नवरीच्या आईला गाठलं आणि बासुंदी तीच होती ना, म्हणून विचारलं.

"सरकारले नासकं द्याव काय, साहेब? ते म्या उकिरड्यावर फेकलं. ताजं दूध आटवून देल्लं."

माझं डोकंच फिरलं. चावडीवर एवढं सांगा, म्हणून तिच्या हातापाया पडलो.

"सासरा माह्याच घरच्या नासक्यानं मेला, हे मी कायले सांगू?"

शेवटी पाटलाला मीच सांगितलं. त्याने कागदावर बोट ठेवलं. "हा सरकारी कागद खोटा म्हणता काय तुमी?"

गाव सोडून निघालेली ती बाई वाटेत दवाखान्यात आली. डोक्यावर बोचकं होतं.

"दुसरा कागद नाई येणार काय, भाऊ?"

मी नाही म्हणालो. नागपूरला पाठवायला काही उरलंच नव्हतं.