निपाणीच्या प्रयोगातला ऑर्गन

ह्यांचे कान कारखान्यात गेले. उद्यमबाग ह्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, घासायच्या खात्यात ह्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत ऐकू येणं इतकं कमी झालं, की दाराची बेल मीच ऐकायची, फोन मीच घ्यायचा. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. त्यात बोलणं बऱ्यापैकी कळतं, गाणं कळत नाही. "पातेल्यात बसून कोणतरी गातंय असं वाटतंय," असं हे म्हणाले आणि मशीन काढून डबीत ठेवलं. माझं बोलणं हे तोंडाकडं बघून ओळखतात.

ह्यांना आयुष्यभर नाद एकच, एका जुन्या संगीत नाटकाचा. आमच्या घरात त्याला नुसतं 'नाटक' म्हणतात, मीही तेवढंच लिहिते. त्यातली पदं बाजारात मिळतात, पण ती स्टुडिओत बसून तीन-चार मिनिटांत उरकलेली. ह्यांना हवे असतात प्रत्यक्ष प्रयोग. पूर्वी लोक पिशवीत टेपरेकॉर्डर लपवून थिएटरात न्यायचे आणि मांडीवर ठेवून अख्खं नाटक भरून आणायचे. त्यात खोकले असतात, वन्समोअर असतात, कॅसेट वेळेवर उलटायची राहिल्यानं मधेच तुटलेलं एखादं पद असतं. अशा कॅसेटी शोधणाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. पुण्याचे, सांगलीचे, गोव्याचे लोक आहेत, काही परदेशातले. कुणाला नवं काही सापडलं की ते ग्रुपवर येतं आणि मग वाद सुरू होतो, हा प्रयोग कुठला, कोणत्या साली, तबल्यावर कोण. शेवटचा शब्द ह्यांचा. तरुणपणी ह्यांनी कोल्हापूर ते धारवाडपर्यंत त्या नाटकाचे प्रयोग गाठले होते आणि दोन ताना ऐकल्या की हे प्रयोग सांगायचे.

कान गेल्याचं ह्यांनी ग्रुपला सांगितलं नाही. तेव्हापासून ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

मी बेळगुंदीची. माहेरी शेती, गाणंबिणं काही नव्हतं. पुढं खानापूरला सरकारी ऑफिसात लागले आणि दिवसभर कन्नडमधले कागद, रोजची जा-ये, परत येऊन स्वयंपाक, ह्यात माझी नोकरीची वर्षं गेली. रिटायर झाल्यावर मला फक्त गप्प बसायचं होतं. त्याऐवजी जेवणं झाली की हे हेडफोन घेऊन समोर यायचे.

"पयल्या अंकात दुसरं पद. तिथं आवाज वर जातोय तवा किती वेळा जातोय, सांग."

मी ऐकायची. "दोन वेळा."

"आणि टाळ्या मधेच येतात का शेवटाला?"

"मधेच."

मग हे डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "सांगलीचा." तसं टाइप करायचे, ग्रुपवर नमस्कारांची रांग लागायची. अशी तीन वर्षं गेली. एका प्रयोगाचे चार-साडेचार तास. मला नाटकातलं प्रत्येक वाक्य पाठ झालं आणि कुठलंच आवडलं नाही.

ह्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त बोलबाला निपाणीच्या एका प्रयोगाचा. तिसऱ्या अंकात ऑर्गन अचानक बंद पडला आणि गाणाऱ्यानं उरलेली पदं नुसत्या तबल्यावर म्हटली. हे त्या प्रयोगाला हजर होते, बावीस-तेवीस वर्षांचे. ती हकीकत लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ऐकली आणि नंतर मोजायचं सोडून दिलं. त्याचं रेकॉर्डिंग कुणीतरी केलंय अशी वदंता होती, पण हाती कुणाच्या लागलं नव्हतं.

मागच्या वर्षी निपाणीच्या एका शिक्षिकेनं ग्रुपवर एक रेकॉर्डिंग टाकलं. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. ते वारल्यावर पेटीत तीन कॅसेटी निघाल्या, वर फक्त नाटकाचं नाव आणि 'निपाणी' एवढंच लिहिलेलं. तिनं त्या दुकानातून फोनवर घेता येतील अशा करून आणल्या आणि विचारलं, हे तुम्ही शोधताय तेच का? सगळ्यांनी एका सुरात ह्यांचं नाव घेतलं.

त्या दिवशी सकाळपासून माझी कंबर धरली होती. गव्हाचं दळण, बँकेत हयातीचा दाखला, नणंदेच्या घरी एक बारसं, सगळं उरकून मी नुकतीच टेकले होते. हे हेडफोन घेऊन आले.

"तिसरा अंकच ऐक. बाकी ऱ्हाऊ दे."

मी ऐकलं. आवाज खरखरीत होता, तबला पुढं होता. आणि त्याच्यामागं, दबलेला पण शेवटच्या पदापर्यंत सलग, ऑर्गन होता.

"ऑर्गन न्हाय नव्हं?" ह्यांनी विचारलं. प्रश्न असा नव्हताच तो. चेहरा एवढा उतावळा झाला होता, की मी 'आहे' म्हटलं असतं तर 'नीट ऐक, पुन्यांदा ऐक' सुरू झालं असतं आणि ते संध्याकाळपर्यंत चाललं असतं.

"न्हाय," मी म्हटलं.

हे उठले, आतल्या खोलीत गेले. मग ग्रुपवर लिहिलं, हाच तो प्रयोग, मी त्या दिवशी तिथं होतो. दोन दिवस फोन वाजत होता. सांगलीचे एक गृहस्थ रडले, असं त्यांनीच लिहिलं. त्या शिक्षिकेनं वडिलांचा फोटो टाकला.

तिसऱ्या दिवशी गोव्याच्या एका मुलीनं, ती स्वतः गाणं शिकते, तिसऱ्या अंकातला तुकडा साफ करून टाकला. खाली एवढंच लिहिलं, "काका, मागं ऑर्गन ऐकू येतोय. माझी चूक असेल तर सांगा." मग बाकीच्यांनाही तो ऐकू यायला लागला, म्हणजे हा तो प्रयोग नव्हे. कुणी वाकडं बोललं नाही.

ह्यांनी मशीन कानात घातलं आणि माझ्यासमोर बसले.

"तुला ऐकू आलतं?"

"व्हय."

"मग?"

"दमलेवते."

मी आणखी काही सांगायला हवं होतं, पण खरं कारण तेवढंच होतं. हे चिडतील असं मला वाटलं. हे चिडले नाहीत. म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय व्हय, दमलीस म्हणून." तीन वर्षांत मी ते किती वेळा सांगितलं होतं, ते मी त्यावेळी काढलं नाही.

त्याच संध्याकाळी ह्यांनी ग्रुपवर लिहिलं, की माझे कान तीन वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर जे सांगितलं ते बायकोनं ऐकून सांगितलं, चूक झाली. तिनं चूक केली असं लिहिलं नाही. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं.

पुढच्या रविवारी आम्ही बसनं निपाणीला गेलो. शिक्षिकेच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि त्याच्या शेजारी तिच्या वडिलांचा फोटो होता. आमचं माफी मागणं तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"काका, आप्पांनी कुठं म्हटलंतं तोच प्रयोग म्हणून? मीच विचारलं तुम्हाला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "फक्त भावाला फोन करून सांगितलंतं, आप्पांची कॅसेट लई मोलाची हाय म्हणून. आता परत सांगायला नको वाटतंय."

"नका सांगू," मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण सांगणार होती असं मला तिच्याकडं बघून वाटलं.

तिनं पोहे दिले. हे तिच्या वडिलांबद्दल विचारत राहिले, कुठं बसायचे, टेपरेकॉर्डर कुणाचा. टेपरेकॉर्डर मुकादमाचा होता आणि आप्पा सगळ्यात मागं खाली बसायचे, एवढंच तिला माहीत होतं. परत येताना बसमध्ये संकेश्वर यायच्या आधीच मला झोप लागली.

आता मी जेवणानंतर ऐकत नाही. चहा झाल्यावर एक तास, तेवढाच. हे कुरकुरतात, पण घड्याळ बघतात. ग्रुपवर आता रेकॉर्डिंग कमी येतात आणि आली तर हे खाली लिहितात, 'पत्नीनं ऐकलं आहे.' परवा सांगलीच्या त्या गृहस्थांचा फोन आला. ह्यांच्याशी नको, माझ्याशीच बोलायचं होतं, दुसऱ्या अंकातल्या एका पदाबद्दल. तव्यावर भाकरी होती. मी म्हटलं, नंतर करा. त्यांनी केला नाही आणि मीही वाट बघितली नाही.