आईनंतरची प्रार्थना

महाडात आमची ख्रिस्ती घरं पाच. पाळक महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी संध्याकाळी आळीपाळीने एकेका घरी उपासना. ज्याचं घर, त्यानेच शेवटी सगळ्यांसाठी प्रार्थना करायची, तीही पुस्तकात न बघता, आपल्या शब्दांत. आमच्या घरी हे काम आईचं होतं.

आईची प्रार्थना म्हणजे देवाशी हुज्जत. कोणाचं काय दुखतंय, कोणाच्या मुलीचं जमत नाहीये, शेजारच्यांची म्हैस आटली, सगळं ती नावानिशी सांगायची. पुराच्या वर्षी सावित्री नदीचं पाणी दारात आलं, तेव्हा तिने देवाला बजावलं, "तिसरी पायरी. त्याच्या वर नाही हं." पाणी पाचवीपर्यंत आलं. पुढचा आठवडाभर ती देवाशी तुटक बोलत होती. सगळ्यांत शेवटी माझा नंबर. माझा चिडका स्वभाव, माझं न झालेलं लग्न, सगळं चारचौघांत निघायचं. मी डोळे मिटून चरफडायचो.

गेल्या वर्षी आई गेली आणि ते काम माझ्याकडे आलं. मी कोर्टाबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून देतो. दुसऱ्याची व्यथा दोन परिच्छेदांत मांडण्यात माझा हातखंडा. पण स्वतः देवापुढे तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ बसते. अर्जांसाठी फोनवर एआय वापरतोच, मग त्यालाच सांगितलं, प्रार्थना लिहून दे. लगेच हजर! करुणामय पित्यापासून आमेनपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे नाही. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे मी बिनदिक्कत फोनमधून वाचली. कोणीतरी पाठही थोपटली.

आईची मैत्रीण, दासगावची मावशी, चपला घालताना म्हणाली, "बरा बोललास रे. पन माझा गुडघा रायला."

सगळे गेल्यावर मी फोनला आईबद्दल सांगत बसलो. ती कशी बोलायची, कुठे थांबायची, देवाला कशी दटावायची. म्हटलं, आता तिच्यासारखी माझ्यासाठी प्रार्थना कर. त्याने लिहिली. दुसऱ्याच ओळीला मला रडू कोसळलं, इतकी ती जवळची होती. मग मी विचारलं, "हे तू देवाकडे मागितलंस का?" उत्तर आलं, प्रार्थना लिहून देऊ शकतो, पण तुमच्यासाठी देवाकडे मागतो असं म्हणणं खोटं होईल, तुमच्या मंडळीत मागणारं कोणी आहे का?

मी फोन उपडा ठेवला. राग त्याच्या खरेपणाचा आला, कारण मला नेमकं तेवढंच हवं होतं. कोणीतरी रोज माझं नाव घेऊन देवाच्या दारात उभं राहावं. पन्नास वर्षं ते आयतं मिळालं, तेव्हा लाज वाटायची. आता त्यासाठी जीव तुटतो.

दीड महिन्याने पुन्हा आमच्या घरी उपासना आली. फोन आतल्या खोलीत ठेवला. मावशीच्या गुडघ्यासाठी कसंबसं मागितलं आणि तिथेच अडकलो.

"बोल रे," मावशी म्हणाली, "आमी हाव ना."

"देवा," मी म्हणालो, "आईवाचून मला करमत नाही."

आमेनसुद्धा तोंडातून निघालं नाही. मग मावशीच बोलायला लागली. "देवा, याला शुगर हाय. कुनाला सांगत नाय, गोळ्या पन धड घेत नाय. तू जरा बघ याच्याकडं."

शुगरचं मी एकट्या आईला सांगितलं होतं, कोणाजवळ बोलणार नाही असं वचन घेऊन. आईने वचन पाळलं नव्हतं. जाण्याआधी ती मला मावशीच्या हवाली करून गेली होती.